हवामान धोरण शिवारापर्यंत आलं पाहिजे: मराठवाड्यातल्या नागरिक गटाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतले शेतकरी, शिक्षक, वकील, आशाताई, विद्यार्थी आणि मोंढ्यावर काम करणारे काही जण मिळून आमचा गट झाला आहे. हवामान बदलावर सरकारने ठोस, पैशांची तरतूद असलेलं आणि कायद्याने बांधलेलं धोरण आणावं म्हणून आम्ही काम करतो. गावोगावच्या बैठकांत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची आमची उत्तरं इथे दिली आहेत.

तुम्ही नेमकं मागता काय?

हवामान बदलाचं धोरण मंत्रालयाच्या फायलीतून महसूल मंडळापर्यंत, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटापर्यंत, यावं, हे आमचं म्हणणं आहे. देशाचा राष्ट्रीय कृती आराखडा २००८ साली आला. महाराष्ट्रासाठी टेरी या संस्थेने केलेला अभ्यास २०१४ मध्ये पूर्ण झाला. २०२० मध्ये पर्यावरण खात्याच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द आले आणि त्याच वर्षी माझी वसुंधरा अभियान सुरू झालं. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा वातावरण कृती आराखडा जाहीर केला. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण मंठा, वडवणी, औंढा किंवा लोहारा तालुक्यातल्या शेतकऱ्याने विचारलं, की ऐन फुलोऱ्यात पावसाने तीन आठवडे खंड दिला तर कोण काय करणार, कुठल्या पैशातून आणि किती दिवसांत, तर त्याला उत्तर मिळत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक जिल्ह्याचा हवामान आराखडा तयार व्हावा आणि त्यासाठी जिल्हा नियोजन समितीत स्वतंत्र तरतूद असावी. पाऊस गावपातळीवर मोजला जावा आणि पीक विमा त्यावर बेतावा. पाण्याचा ताळेबंद पाहून पिकं ठरावीत आणि कमी पाण्याच्या पिकांना खरेदीची हमी मिळावी. उन्हात राबणाऱ्यांसाठी उष्णतेचा आराखडा असावा. आणि राज्याने कार्बन उत्सर्जन किती, कधीपर्यंत कमी करणार याचा कायदा करून दरवर्षी विधिमंडळात हिशेब मांडावा.

दुष्काळ तर आमच्या पाचवीलाच पुजलेला. यात नवीन काय?

दुष्काळ जुना आहे, हे कोण नाकारेल? सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आपण बसलो आहोत. पावसाळ्याची सरासरी साधारण ६८० मिलिमीटर. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून जगलेली पिढी अजून आपल्या घरात आहे.

पण गेल्या दहा-बारा वर्षांत काय झालं ते एका ओळीत लावून बघा. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये गारपिटीने रब्बी आडवी केली. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच मांजरा धरणाचे सगळे दरवाजे सप्टेंबर २०२१ मध्ये उघडले आणि काठावरची शेतं पाण्याखाली गेली. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाल्ली, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. २०२३ मध्ये ऑगस्ट कोरडा गेला. त्या ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपले बरेच तालुके होते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी सगळ्या एकदम फुगल्या. परंड्याकडे माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली.

पूर्वीचा शेतकरी दुष्काळाची तयारी करत होता. कडबा राखायचा, बियाणं राखायचा, ज्वारीचं पेव भरून ठेवायचा. आता त्याच शेतावर एक वर्ष पाणी नसतं आणि दुसऱ्या वर्षी पाणी हटत नसतं. अशा लहरीची तयारी एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातली नाही, म्हणून धोरण लागतं.

एखाद्या वर्षीच्या पुरावरून लगेच हवामान बदल कसं म्हणता?

एका पुरावरून म्हणत नाही. कल पाहून म्हणतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याच काळात त्या पट्ट्यातला एकूण मोसमी पाऊस मात्र कमी होत गेला.

कारण सरळ आहे. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत पृथ्वीचं सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढलं आहे आणि अरबी समुद्रही तापतो आहे. जास्त बाष्प मावणारी हवा भरायला जास्त वेळ लागतो, तोवर पाऊस ओढ देतो, आणि मग एकदाच ओततो. आपल्याकडे 'खंड' आणि 'ढगफुटीसारखा पाऊस' हे दोन्ही एकाच हंगामात ऐकू येतात, त्याची मुळं इथे आहेत.

पाऊस जास्त झाला तर विहिरींना फायदाच की!

थोडा होतो. पण मराठवाड्याच्या पोटात काळा पाषाण आहे. बेसाल्टच्या थरांत पाणी मुरायला वेळ लागतो आणि साठायला जागा मोजकीच असते. तासाभरात कोसळलेला पाऊस मुरत नाही, वाहून जातो, आणि जाताना माती घेऊन जातो. नदी-ओढ्याकाठची जमीन खरडून गेली म्हणजे काय, हे सप्टेंबर २०२५ नंतर ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. जिथे गुडघाभर काळी माती होती तिथे मुरूम आणि गोटे उघडे पडले. ती माती पुन्हा तयार व्हायला कित्येक पिढ्या लागतात.

आणि सोयाबीन? काढणीला आलेल्या झाडाची शेंग हातात घेऊन उकलली तर आत दाणा फुगलेला, त्याचं साल फाटलेलं आणि पांढरा कोंब शेंगेच्या शिवणीतून बाहेर आलेला. झाड उभंच, आणि बी त्याच्यावरच उगवायला लागलेलं. त्याला मोंढ्यावर भाव काय मिळणार? २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण ओलावा आणि डाग दाखवून व्यापारी त्याच्या खूप खाली बोली लावतो. खरेदी केंद्रावर न्यावं तर तिथेही ओलाव्याची अट आडवी येते.

सरकार मदत देतंच ना? मग धोरणाचा आग्रह कशाला?

मदत मिळते आणि मिळायलाच हवी. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अतिवृष्टीग्रस्तांसाठी सुमारे ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आमचं म्हणणं असं, की नुकसान झाल्यावर पंचनामा, याद्या, ई-केवायसी, खात्यावर जमा होण्याची वाट, हे चक्र दर वर्षी फिरवण्यात जो पैसा आणि काळ जातो, त्यातला काही भाग आधीच नाल्यांवर, बांधांवर, हवामान केंद्रांवर आणि गोदामांवर खर्च झाला तर नुकसानच कमी होईल.

हे घडू शकतं, याचा दाखला आपल्याच भागात आहे. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं माथा ते पायथा नीट केली, शेततळी केली, आणि कमी पावसाच्या वर्षांतही द्राक्षबागा टिकवल्या. त्याच जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा जळून गेल्या, लोकांनी त्या मुळासकट काढून सरपण केलं. पाऊस दोन्हीकडे कमीच होता. राज्याचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून चालू आहे आणि त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे आहेत. त्यातली शेततळी, ठिबक, रुंद वरंबा सरी ही कामं चांगली आहेत. पण प्रकल्पाची मुदत संपते, हवामान बदलाची संपत नाही. म्हणून प्रकल्पात चाललेली गोष्ट कायमच्या अर्थसंकल्पात यावी, असं आम्ही म्हणतो.

पीक विम्याबद्दल तुमची भूमिका काय?

या प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त बोलतो, कारण शेतकऱ्याला हवामान धोरण सर्वांत आधी विम्याच्या पावतीत भेटतं.

राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. आता खरीप पिकाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. एक रुपयाच्या योजनेत बोगस अर्ज शिरले होते, ते थांबवायला हवेच होते. पण त्याच वेळी भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातल्या निवडक शेतांतलं पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पन्नावर, आणली गेली, ही आमची खरी तक्रार आहे. पूर्वी गारपीट झाली, शेतात पाणी साचलं, तर ७२ तासांत कळवून आपल्या शेताचा पंचनामा मागता येत होता. आता मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरवून दिलेल्या उंबरठ्याच्या वर राहिलं तर ओढ्याकाठच्या ज्या शेतकऱ्याचं सगळं गेलं त्याच्या हाती काही येत नाही. हवामान जितकं लहरी होईल तितका एका गावातला पाऊस शेजारच्या गावापेक्षा वेगळा पडेल, आणि तितकी मंडळाची सरासरी फसवी ठरेल. स्थानिक आपत्तीची तरतूद परत आणा, ही आमची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी पावसाच्या मोजणीची. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात. पण मोजतं कोण? मंडळातलं एक स्वयंचलित केंद्र. एका मंडळात दहा-पंधरा, कुठे त्याहूनही जास्त गावं. केंद्रावर ५८ मिलिमीटर भरला आणि आठ किलोमीटरवरच्या तुमच्या शिवारात ९० पडला, तर कागदावर तुमच्याकडे अतिवृष्टी झालीच नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक हवं, ते चालू आहे की नाही हे ग्रामपंचायतीच्या फलकावर दिसायला हवं.

तोपर्यंत आम्ही स्वतः पाऊस मोजू शकतो का?

मोजा, जरूर मोजा. साधं पर्जन्यमापक कृषी सेवा केंद्रात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडे मिळतं. ते उघड्या जागी, सपाट बसवायचं. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच असेल त्याच्या दुप्पट अंतर तरी सोडा, नाहीतर वाऱ्याने पाऊस आडवा होऊन आकडा कमी येतो. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खातंही त्याच वेळेला वाचतं. मापाची नळी डोळ्यांच्या रेषेत धरा. काचेत पाणी कडेला चढलेलं दिसतं, मधला खालचा तळ वाचायचा. आकडा वहीत लिहा, तारीख घाला, पाणी ओतून टाका. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, जागा रिकामी सोडू नका. खंड किती दिवसांचा होता हे त्या शून्यांतूनच सिद्ध होतं.

या आकड्याचा अर्थ मुलांनाही समजावून सांगता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरात साधारण ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे ६५ मिलिमीटर पाऊस झाला की एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडलं, दहा हजार लिटरचे २६ टँकर. हे गणित फळ्यावर मांडलं की बांधबंदिस्ती का हवी यावर भाषण द्यावं लागत नाही.

तुमच्या वहीला सरकारदरबारी आज पुरावा म्हणून मान नाही. पण सलग वह्या भरलेल्या गावाचं म्हणणं तहसील कार्यालयात जास्त लक्ष देऊन ऐकलं जातं, आणि केंद्र नादुरुस्त असल्याची तक्रार करायला ती वहीच कामी येते.

तुम्ही उसाच्या विरोधात आहात का?

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याच्या विरोधात आम्ही नाही. आमच्यातल्या अनेकांच्या शेतात ऊस आहे. तो का लावतात हे आम्हाला ठाऊक आहे: दर ठरलेला, तोडायला कारखान्याची टोळी येते, आठ दिवस पाणी साचलं तरी सोयाबीनसारखा सडत नाही, आणि माकड-रानडुकरांचा त्रास सोडला तर राखण फारशी नाही. सोयाबीन, तूर, ज्वारीला यातली एकही खात्री नाही.

पण पाण्याचा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही. राज्यातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी ४ टक्क्यांच्या आसपास जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी तो घेतो, हे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच दाखवलं आहे. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं त्या काळात मांजरेच्या खोऱ्यात साखर कारखाने उभे होते. उसाला ठिबक सक्तीचा निर्णय राज्याने २०१७ मध्ये घेतला, अंमलबजावणी अजून रांगते आहे.

आमचा आग्रह क्रमाचा आहे. आधी पर्यायी पिकाला खात्री द्या: हमीभावाने वेळेत खरेदी, गावाजवळ गोदाम, डाळ मिल आणि तेलघाणा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आणि बदनापूरच्या संशोधन केंद्राकडे तुरीचे, ज्वारीचे, सोयाबीनचे या हवामानाला जुळणारे वाण आहेत. बीडीएन-७११ सारखी लवकर येणारी तूर किंवा परभणी मोती ज्वारी शेतकरी आनंदाने लावतात, विकत घेणारा असला तर. ती खात्री झाली की मग नव्या साखर कारखान्यांना परवाने देताना खोऱ्यातल्या पाण्याचा ताळेबंद सक्तीचा करा. उलटा क्रम लावला, आधी बंदी आणि नंतर पर्याय, तर शेतकरी मरेल, आणि आम्ही त्याला विरोधच करू.

ऊसतोड कामगारांचा आणि हवामानाचा काय संबंध?

बीड, जालना, परभणीच्या कोरडवाहू भागातली लाखो माणसं दिवाळीनंतर मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कारखान्याच्या फडात जातात. ज्या वर्षी खरीप बुडतं त्या वर्षी नवे कोयते, म्हणजे तोडणीच्या नव्या जोड्या, निघतात. म्हणजे हवामानाचा फटका आधी शेताला बसतो, मग उचलीच्या रूपाने कुटुंबाच्या डोक्यावर चढतो, आणि शेवटी शाळेतून पोरं गळतात. फडात पाळीला सवड नाही, शौचालय नाही. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि त्यासाठी समिती नेमावी लागली. जिल्ह्याच्या हवामान आराखड्यात या स्थलांतराला स्वतःचं प्रकरण हवं: हंगामी वसतिगृहं, फडावर आरोग्य तपासणी, आणि गावातच रोजगार हमीची पाणलोट कामं दिवाळीआधी सुरू होणं.

जायकवाडीच्या पाण्याबद्दल काही बोलणार की नाही?

बोलणार. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, १९७६ मध्ये पूर्ण झाला. वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून दर तुटीच्या वर्षी भांडण होतं. पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा आहे, आणि जायकवाडीचा उपयुक्त साठा ऑक्टोबरच्या मध्याला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडण्याचं सूत्र ठरलेलं आहे. ते पाळलं जावं. मात्र सूत्रं जुन्या पावसाच्या आकड्यांवर उभी आहेत. आता धरण एका आठवड्यात भरून वाहतं आणि पुढच्या वर्षी मृतसाठ्यावर येतं. खोऱ्याचं नियोजन नव्या पावसाप्रमाणे पुन्हा मांडा आणि विसर्गाची सूचना नदीकाठच्या गावांना पुरेशी आधी, मोबाइलवर आणि दवंडीनेही मिळू द्या.

प्रदूषण अमेरिका-चीनने केलं. आम्ही का सोसायचं?

रास्त प्रश्न आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, अमेरिकेत त्याच्या सातपट. जगाच्या व्यासपीठावर भारताने न्याय मागावा आणि तो मिळावा, असं आम्हालाही मनापासून वाटतं. पण पॅरिस करारातला पैसा येईल तेव्हा येईल. मंठ्याचा नाला यंदाच्या मेमध्ये साफ व्हायला हवा. त्यासाठी कुठल्याही परदेशाची परवानगी लागत नाही.

तरी उत्सर्जन कमी करायची मागणी मराठवाड्याने का करावी?

कारण कोळशाची वीज आपल्या पाण्यावर आणि हवेवरही उभी आहे. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. दुष्काळात माणसं, जनावरं आणि वीज केंद्र एकाच बंधाऱ्याकडे डोळे लावून बसतात, हे परळीकरांनी भोगलं आहे. राखेचा त्रास वेगळाच.

देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटा काय, कुठल्या वर्षी किती, हे राज्याच्या कायद्यात लिहिलेलं असावं. त्याच कायद्यात परळीसारख्या गावातल्या कंत्राटी कामगारांचं, ट्रकवाल्यांचं, टपरीवाल्यांचं पुढे काय, याची तरतूद हवी. वीज केंद्राचे संच बंद झाल्यावर त्यांचा विचार करायचा, हे आम्हाला मान्य नाही.

सौर पंपामुळे पाण्याचा उपसा आणखी वाढणार नाही का?

वाढू शकतो, आणि ही भीती खरी आहे. रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला गेलेल्या शेतकऱ्याला साप चावतो, शॉक लागतो, त्यामुळे दिवसा वीज हवीच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी आणि मागेल त्याला सौर कृषिपंप या योजनांचं आम्ही स्वागत करतो. पण बोअर सातशे-आठशे फुटांवर गेलेल्या गावात फुकटचं ऊन आणि बेहिशेबी उपसा एकत्र आले तर तळ गाठायला वेळ लागणार नाही. ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घालणारा भूजल कायदा राज्याने २००९ मध्येच केला. तो अमलात आणा, आणि पंपाबरोबर ठिबक व गावाचा पाणी ताळेबंद जोडा.

पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांच्या जमिनींबद्दलही विचारलं जातं. प्रकल्प हवेत. भाडेकरार मराठीत, ग्रामसभेसमोर वाचून, आणि रस्ता-नाल्याची नुकसानभरपाई त्यात लिहून व्हावेत.

झाडं लावली तर पुरे नाही का?

नाही. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आजूबाजूला बघून सांगा त्यातली किती जगली. लातूरसारख्या अगदी कमी वन असलेल्या जिल्ह्यात झाडं हवीतच: लिंब, बाभूळ, बोर, हिवर, आपली. पण खड्डे मोजण्याऐवजी तिसऱ्या उन्हाळ्यात उभी असलेली झाडं मोजा. आणि गवताच्या माळरानावर खड्डे काढू नका. गवत माती धरून ठेवतं, मेंढपाळांना जगवतं.

उष्णतेसाठी वेगळा आराखडा कशाला? उन्हाळा तर नेहमीचाच.

परभणी-नांदेडला पारा ४४-४५ वर जाणं नवं नाही. रात्रीही घर थंड न होणं मात्र वाढतंय, आणि आपल्याकडे पत्र्याची घरं फार. दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही की उष्माघाताचा धोका वाढतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता आराखडा केला आणि तो देशाला दाखला ठरला. आपल्याला हवं ते फार महाग नाही: रोजगार हमी आणि बांधकामाच्या वेळा बदलणं, कामावर पाणी-सावली-ओआरएस, आरोग्य केंद्रात एक थंड खोली, पत्र्यावर पांढरा चुना किंवा परावर्तक रंग मारायला अनुदान, आणि आशाताईंना उष्माघाताची लक्षणं ओळखण्याचं प्रशिक्षण. विजांसाठी दामिनी हे अॅप मोबाइलमध्ये ठेवा. शेतात असताना थोडी आधी मिळालेली सूचनाही जीव वाचवते.

तुम्ही कुठल्या पक्षाचे?

कुठल्याच नाही. सगळ्या पक्षांच्या आमदार-खासदारांना तेच निवेदन देतो. खर्च आपापसातल्या वर्गणीतून चालतो.

हे सगळं मागायचा आम्हाला कायदेशीर हक्क आहे का?

आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात निकाल देताना म्हटलं, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये येतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्ह्याचा आपत्ती आराखडा करणं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला बंधनकारक आहे, आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तो आराखडा मागून बघा. आपल्या गावाचं नाव, शाळेत निवाऱ्याची सोय, संपर्काचे क्रमांक चालू आहेत का, एवढं तपासलं तरी पुष्कळ उघड होतं.

आमच्या गावाने सुरुवात कुठून करायची?

ग्रामसभेतून. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सभा ठरलेल्या. विषय सभेच्या आधी लेखी देऊन कार्यक्रमपत्रिकेत घालून घ्या. ठरावाचा मसुदा असा वापरता येईल:

"मौजे ______ येथील ग्रामसभा ठराव करते, की गावात पर्जन्यमापक बसवून त्याची दैनिक नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, गावाचा पाणी ताळेबंद दर ऑक्टोबरमध्ये ग्रामसभेपुढे ठेवून रब्बीचं नियोजन त्याप्रमाणे व्हावं, ग्रामपंचायत विकास आराखड्यात नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती व शाळेच्या छतावरील पाणी संकलनास प्राधान्य द्यावं, पीक विम्यात स्थानिक आपत्तीची वैयक्तिक भरपाई पुन्हा समाविष्ट करावी, अशी शासनास विनंती करावी, आणि जिल्ह्याच्या हवामान आराखड्यासाठी जिल्हा नियोजन समितीने स्वतंत्र तरतूद करावी."

सूचक आणि अनुमोदक म्हणून शक्यतो एक बाई आणि एक तरुण घ्या. ठराव इतिवृत्तात तिथल्या तिथे लिहून घ्या, ग्रामसेवकाकडून सही-शिक्क्याची नक्कल मागा. ती तहसीलदार, गटविकास अधिकारी, तालुका कृषी अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे द्या, प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घ्या. महिनाभरात काही कळलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: "आमच्या ठरावावर काय कार्यवाही झाली, त्याची टिपणी व पत्रव्यवहाराची प्रत द्यावी." अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करता येतं. त्याचा मसुदा लिहायला आमचे वकील सहकारी बसतील.